एकशे सतरावा शब्द

७ जानेवारी २०२५, मंगळवार

ही वही मी स्वतः बांधली आहे. आठ जुजं, म्हणजे घडीच्या पानांचे जुडगे, प्रत्येकी सोळा पानं, मेण लावलेल्या दोऱ्याची शिलाई. बाजारातली डायरी सपाट उघडत नाही, लिहिताना एका हातानं दाबून धरावी लागते. ही सपाट राहते.

आज विद्यापीठात नाव घातलं. फारसीचा सर्टिफिकेट कोर्स, मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच ते साडेसहा. 'आधीचं शिक्षण' या रकान्यात दहावी लिहिलं. 'फारसीची ओळख आहे काय' या रकान्यात 'सत्तावीस वर्षे' लिहिलं. खिडकीतला कारकून म्हणाला, "चाचा, इधर हाँ या ना लिखना है." मी खोडलं नाही.

घरी बायको इंदू म्हणाली, "येते ना तुम्हाला फारसी? मग ह्या वयात शिकायला कायकू चालले?"

तिला सांगितलं ते इथंही लिहून ठेवतो. सुलतान बाजारात सत्तावीस वर्षं मी मुलांचे थिसिस बांधतो. जुनी पुस्तकं दुरुस्तीला येतात, ती वाचून वाचून मी फारसी शिकलो. कोणा मौलवीपुढे बसलो नाही. एकोणीसशे बारा शब्दांची कार्डं केलीत, चपलांच्या सहा खोक्यांत. पण गेल्या महिन्यात एका वकिलाच्या माणसाला मी जुन्या सनदेतली ओळ घडाघडा वाचून दाखवली, तर तो फोनवर म्हणतो, "नाही साहेब, जाणकार कोणी भेटला नाही. इथं एक बाइंडर आहे."

मला कागद पाहिजे. विद्यापीठाचा शिक्का असलेला.

१० जानेवारी, शुक्रवार

पहिला वर्ग. अकरा जण. मी सोडून सगळे तिशीच्या आतले. पहिल्या बाकावर बसलो.

शिकवायला नुसरत मॅडम आहेत. त्यांनी एक उतारा वाचायला दिला. मी न अडखळता वाचला. त्या म्हणाल्या, "माशाल्ला, नामदेव साहब, आप तो बिलकुल पुरानी किताब की तरह पढ़ते हैं." सगळ्यांसमोर म्हणाल्या.

माझ्या शेजारी मृण्मयी नावाची मुलगी आहे. पुण्याची, इथं कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत. आठ महिने फोनवर फारसी शिकली म्हणे. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आवडली म्हणून, काका." आवडली म्हणून! जसा सिनेमा आवडतो.

मग विचारते, "काका, तुम्ही थिसिस बांधता ना? थिसिसला फारसीत काय म्हणतात माहितीये? पायाननामे."

चार हजारांच्या वर पायाननामे या हातांनी बांधले असतील. शब्द माहीत नव्हता.

मी म्हणालो, "माहीत आहे."

घरी येऊन कार्ड केलं. क्रमांक १९१३.

१२ जानेवारी, रविवार

दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. वरच्या मजल्यावर नवीन आलेले अप्पाराव टाकीच्या पाण्याचं विचारायला दारात आले. मी रीतीप्रमाणे म्हणालो, "या जेवायला." तो माणूस तेलुगूत "सरे, सरे", म्हणजे बरं बरं, म्हणत चप्पल काढून आत आला आणि माझ्या शेजारी पाटावर बसला! दोन भाकऱ्या आणि वांग्याची सगळी भाजी. इंदूला मागं काही उरलं नाही.

अशा वेळी "व्हा तुम्ही, चालू द्या" म्हणून जायचं असतं, हे लहान पोराला कळतं. म्हणायची पद्धत असते, बसायची नसते. काही लोकांना समोरचा काय म्हणतोय ते शब्दांपलीकडे कळतच नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

दर शुक्रवारी बोलायचा सराव घ्यायला बेहनाम येणार आहे. इराणी, यज्द शहराचा, वय तीसच्या आसपास. इथं संशोधन करतो. आज मृण्मयी आणि तो इतकं भरभर बोलले की बाकीचे नुसते बघत राहिले. फोनमध्ये काहीतरी दाखवून हसली पण दोघं. वसतिगृहाला खाबगाह, वर्गातल्या टिपणांना जुझवे, गैरहजेरीला गैबत. हे सगळं ती चणेफुटाणे खाल्ल्यासारखं बोलते.

माझी पाळी आली तेव्हा बेहनाम छातीवर हात ठेवून शांत ऐकत होता. म्हणाला, तुमची फारसी ऐकून मला माझ्या आजोबांची पत्रं आठवली. मृण्मयीला असं काही म्हणाला नाही. तिच्याशी नुसता हसला.

मला तिचा हेवा वाटतो असं नाही. पण सत्तावीस वर्षं आणि आठ महिने यांत काही फरक असावा की नाही?

३१ जानेवारी, शुक्रवार

आजचा दिवस सविस्तर लिहितो.

बेहनामनं वर्गात एक जाड फारसी-इंग्रजी कोश आणला होता. तेहरानची छपाई, पातळ पण दमदार कागद, तपकिरी कातडी बांधणी. कणा तुटलेला. मी हातात घेतला आणि दहा मिनिटं तरी त्याच्याबद्दलच बोललो: शिलाई कशी अजून शाबूत आहे, कागदाच्या तंतूंची दिशा कशी बरोबर उभी ठेवली आहे, असं पुस्तक आता कोणी करत नाही. वर्गात हे कळणारा दुसरा कोणी नव्हता. शेवटी म्हणालो, असा कोश आयुष्यात एकदा तरी माझ्याकडे असायला हवा होता.

बेहनामनं छातीवर हात ठेवला, जरा वाकला आणि म्हणाला, "काबेली नदारद."

अर्थ कोणाला विचारावा लागला नाही. म्हणजे, तुमच्या योग्यतेपुढे हे काहीच नाही, तुमचंच समजा.

मी "मम्नून" म्हणालो. आभार मानायला मोजका शब्द बरा. आणि कोश पिशवीत ठेवला.

वर्ग एकदम शांत झाला. मृण्मयीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बेहनामनं बोटं जराशी उचलली तशी गप्प बसली. चेहरा बघण्यासारखा झाला होता तिचा. इतकं भरभर बोलून, इतकं हसून तिला काय मिळालं? काही नाही. ओळखणारा ओळखतो.

वर्ग सुटल्यावर बेहनाम माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत आला. बस येईपर्यंत थांबला. मी खिडकीतून पाहिलं, बस वळेपर्यंत तसाच उभा होता. एवढा मान मला आजवर कोणी दिला नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

कोशाच्या पहिल्या कोऱ्या पानावर हातानं लिहिलेलं आहे. घसटीचं, मोडकं अक्षर, कोर्समधल्या एकालाही लागणार नाही. मी पाच मिनिटांत लावलं: "माझ्या बेहनामला. परक्या गावात शब्द सापडणार नाही तेव्हा हे उघड. मी शेजारीच बसलेली असेन. आई." खाली त्यांच्या सनातली तारीख.

'केनार', म्हणजे शेजारी, या शब्दातलं 'काफ' अक्षर पुढच्या अक्षरात पार मुरलेलं आहे. तरी लागलं.

इंदूला वाचून दाखवलं. तिनं कणीक मळायची थांबवली. "त्याच्या आईनं दिलेलं हाय हो हे."

"मग? तेच तर. साधं पुस्तक कोणीही देईल."

"त्यानं हातात दिलं?"

"हातात माझ्या होतंच."

"हौ," ती म्हणाली आणि पुन्हा कणीक मळू लागली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बेहनामनं आल्या आल्या विचारलं, कोशाची तब्येत कशी आहे? मी म्हणालो, उत्तम. वर्गात आज हाच प्रश्न पहिला. मृण्मयीकडे बघितलंसुद्धा नाही तोपर्यंत.

मॅडम म्हणाल्या, "नामदेव साहब, उस किताब का जी लग गया आपके घर में? अपनों को याद तो नहीं करती?" मी म्हणालो, चांगल्या हातात पडली आहे. त्यांनी पदर सारखा केला आणि फळ्याकडे वळल्या.

मग त्यांनी जाहीर केलं की विद्यार्थ्यांच्या रोजच्या कामाची फारसी, वर्ग, परीक्षा, वाचनालय, वसतिगृह, बोलण्याचालण्याच्या रीती, अशी एक लहान पुस्तिका काढायची. वीस मार्चला नवरोज, इराणी नवं वर्ष, त्या दिवशी वाटायची. मी पेन काढलं. कार्डांचे खोके मनात मांडूनसुद्धा झाले होते.

"मृण्मयी लिखेगी, बेहनाम देख लेंगे. और जिल्द हमारे नामदेव साहब बनाएँगे."

बाइंडर.

येताना चादरघाट ते अंबरपेठ चालत आलो. बसमध्ये बसवेना.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वर्गाआधी मृण्मयी दुकानात आली. थिसिसच्या थप्प्या, कापायचं यंत्र, शिकंजा, सगळं फोनमध्ये टिपत होती. शिकंज्यात पुस्तकं कशी दाबतात ते दाखवलं. विचारलं म्हणून.

मग म्हणाली, "काका, तुमची कार्डं बघायला मिळतील? मॅडम म्हणाल्या खजिना आहे तुमच्याकडे."

"कार्डं दुकानाबाहेर जात नाहीत."

"इथंच बसून बघते ना."

"दुकानात गिऱ्हाईक असतं."

एकही गिऱ्हाईक नव्हतं. ती जरा थांबून म्हणाली, "बरं, मग तो कोश दोन दिवस द्याल? पुस्तिकेसाठी लागतोय. मी स्वतः आणून देईन. म्हणजे... कुणाकडे तरी आणून देईन."

कुणाकडे तरी म्हणजे काय? मी सरळ सांगितलं, "ज्याला दिला त्याच्याकडे राहू दे." तिला राग आलेला दिसला. तिच्या कंपनीत तिला नाही म्हणत नसतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस फक्त कोशाचं काम केलं. जुजं सोडवली, फाटलेल्या घड्यांना पातळ कागद लावला, पुन्हा शिवली. नवा कणा, लाल मेंढीचं कातडं. आईच्या अक्षराचं पान मी काढलं नाही. लिखाण असलेलं पान चांगला बांधणारा फाडत नाही. आणि कण्याच्या खालच्या टोकाला, मालकाचं नाव घालतात तिथं, पितळी खिळे तापवून सोनेरी अक्षरांत: ना. गो. बिरादार.

रेषा केसभरही हललेली नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कोश वर्गात नेऊन टेबलावर ठेवला. सगळे पुढे झाले.

बेहनाम बराच वेळ बघत राहिला. पहिलं पान उघडलं, आईचं अक्षर आहे ते पाहिलं, डोळे मिटून उघडले. मग कण्यावरून अंगठा खाली नेला, नावापर्यंत, आणि तिथं थांबला. त्याला देवनागरी येत नाही. त्यानं मृण्मयीला विचारलं. तिनं वाचून सांगितलं.

तो मला म्हणाला, "दस्तेतान दर्द नकोनद." तुमचे हात दुखू नयेत. किती सुंदर आभार आहेत! कार्ड १९४०.

मृण्मयी उठून बाहेर गेली ती वर्ग संपेपर्यंत आली नाही. मला वाईट वाटलं. इतका हेवा बरा नव्हे.

८ मार्च, शनिवार

रमजान लागला, वर्ग आता तीनला असतो. काल पुस्तिकेचा छापील मजकूर बांधायला आला, चाळीस प्रतींचा. खाली-वर रद्दी प्रुफं घालून बांधलेला गठ्ठा.

पानं लावण्यापूर्वी मी प्रत्येक ओळ तपासली. दोनशे बारा शब्द. चुका शोधायला बसलो होतो, खोटं कशाला लिहू. काम नेटकं आहे. अर्थ बरोबर आहेत. काही शब्द मला नवीन होते.

आणि मग सापडलं. 'बोलण्याचालण्याच्या रीती' या भागात ११६ नंतर थेट ११८. एकशे सतरा नाहीच! दोनशे बारा म्हणायचे आणि आहेत दोनशे अकरा. फोनवर शिकलेल्यांचं हे असं असतं. इंदूला दोनदा सांगितलं. आज जेवण चांगलं गेलं.

११ मार्च, मंगळवार

वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं. शांतपणे. पुस्तिकेची पानं वर धरून म्हणालो, "मॅडम, विद्यापीठाचं नाव आहे यावर. एकशे सतरावा शब्द कुठे आहे?"

मृण्मयी लाल झाली. "चुकून राहिला, काका."

"चुकून कसा? आकडा गेलाय, शब्द गेलाय. मोजलं असतं तर कळलं असतं."

मॅडम म्हणाल्या, "जाने दीजिए, साहब. वैसेच बाँध दो."

"असं कसं बांधू? अपुरं पुस्तक माझ्या हातून जात नाही. काय शब्द होता तो?"

मृण्मयी बोटातली अंगठी फिरवत बसली. शेवटी मॅडमनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. ती आधीच घेतलेली होती.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं, पण बसमध्ये बसेपर्यंतच.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी पुठ्ठ्यांना खळ लावायला बसलो. टेबल खराब होऊ नये म्हणून खाली रद्दी कागद घालतो, तशी त्या गठ्ठ्यातली प्रुफं पसरली. तिसऱ्या कागदावर ब्रश टेकवला आणि आकडा दिसला. ११७.

मजकूर इंग्रजीत आहे. मी मराठीत उतरवून ठेवतो, जसाच्या तसा.

"काबेली नदारद. तुम्ही एखाद्याच्या वस्तूची तारीफ केली की तो असं म्हणतो. ही नम्रता आहे, वस्तू देऊ केलेली नसते. तुम्ही म्हणावं, नको, तुमच्याकडेच शोभते. दुकानदारसुद्धा पैसे घेताना आधी असंच म्हणतो. वस्तू घेऊन जाऊ नये."

समासात पेन्सिलीनं, मराठीत, गोल गोल अक्षर: "मॅडमशी आणि बेहनामशी बोलले. काढायचं. काका वाचतील, त्यांच्या मनाला लागेल. नंबर नंतर बदलणे."

नंबर बदलायचा राहिला. आणि तेवढाच मला सापडला.

ब्रश हातात तसाच होता. खळ टपकून कागदावर पडली, ती मी पुसली. शब्दावर नव्हती पडली.

दुकान बंद करून घरी आलो. इंदू भाकऱ्या थापत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं भाकरी उलटली, तव्यावर फुगू दिली, आणि एकच शब्द बोलली.

"अप्पाराव."

मी पाटावर बसलो.

"तुम्ही नुसते ताटावर नाही बसले," ती म्हणाली. "ताटावर नाव पण घालून आणलं."

"तुला माहीत होतं?"

"फारसी मला कुठं येते? पण आईचं पुस्तक कोणी देत नसते, एवढं येते."

१६ मार्च, रविवार

सोनेरी अक्षर कातड्यावरून खरवडून जात नाही. सोनं निघतं, खिळ्याचा दाब राहतो. बोट फिरवलं तर 'बिरादार' लागतंच. म्हणून आख्खा कणा काढला. आता तपकिरी कातडं लावलंय, मूळचं होतं तसं. बेहनामचं नाव घालावं म्हटलं तर माझ्याकडे फारसीचे खिळे नाहीत, आणि देवनागरी त्याला वाचता येत नाही. कणा कोराच ठेवला. कोणाचं आहे ते आत लिहिलेलं आहे.

मग चाळीस पट्ट्या कापल्या. प्रत्येकीवर माझ्या हातानं, बोरूनं, एकशे सतरावा शब्द लिहिला. अर्थ मृण्मयीचाच ठेवला, त्यात सुधारायला जागा नव्हती. खाली मी एक ओळ घातली: "मराठीत ताटावर बसलेला माणूस 'या जेवायला' म्हणतो, तसे." ११६ आणि ११८ च्या मध्ये एकेक पट्टी चिकटवली. चाळीसच्या चाळीस. दोनदा मोजल्या.

या पुस्तिकेत माझं एवढंच आहे.

२० मार्च, गुरुवार

नवरोज. वर्गात मॅडमनी टेबलावर सफरचंदं, नाणी, उगवलेले गहू मांडले होते. उपवास, त्यामुळे खाणं सूर्यास्तानंतर.

पुस्तिका वाटल्या. पट्टी सगळ्यांना दिसली. मृण्मयीनं वाचली, माझ्याकडे बघितलं नाही, पुन्हा वाचली. मॅडम म्हणाल्या, "ये ख़त किसका है? इतना साफ़ क़ाफ़ तो हमसे भी नहीं बनता." मी म्हणालो, "बाइंडरका."

मग कोश काढला. तीन दिवस वाक्य पाठ केलं होतं, जुन्या पुस्तकातलं नाही, साधं. बेहनामपुढे दोन्ही हातांनी धरला आणि म्हणालो, हा तुमच्याकडेच शोभतो.

तो म्हणाला, "नाही नाही, तुमचाच आहे."

मी पुन्हा म्हणालो. तो पुन्हा नाही म्हणाला, छातीवर हात ठेवून. त्याचे डोळे मात्र पुस्तकावरून हलत नव्हते. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा त्यानं घेतला. घेतला म्हणजे काय, पोटाशी धरला. कण्यावरून अंगठा खालपर्यंत नेला. तिथं काही नव्हतं. मग पहिलं पान उघडून तसाच उभा राहिला.

मी पुस्तिकांच्या थप्पीकडे गेलो. तिथं मृण्मयी होती. मी तिला काय म्हणणार होतो ते इथं लिहीत नाही, कारण म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, "तुमचं फारसी 'रे' अक्षर अजून कच्चं आहे. फारच सरळ काढता."

"शिकवाल?"

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "ती कार्डं... पाहिजे तर घेऊन जा घरी. सगळी."

ती म्हणाली, "खरंच? उद्या येते रिक्षा घेऊन."

एकदाही नको म्हणाली नाही. एकदासुद्धा! सहाच्या सहा खोके. आता सकाळी त्यांना सुतळी बांधायची आहे. मी मनापासून म्हणालो होतो की रीत म्हणून, हे माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.